पेटीतून काढलेला लॅपटॉप उठेना तेव्हा

आम्ही मांजरसुंब्याच्या बायका बोलतोय. बालाघाटाच्या डोंगरात, सोलापूर-धुळे महामार्गावर, जिथून एक रस्ता पाटोद्याकडं आणि एक केजकडं फुटतो, ते आमचं गाव. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी आमचा चौक पाहिलाच असेल. कुणी चहालाही थांबल्या असतील.

आज आम्ही पापड-कुरडयांवर बोलणार नाही. गटाचा लॅपटॉप एकाएकी बंद पडला तर काय करायचं, यावर बोलणार आहोत. हसू नका. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा आम्हालाही हसू आलं नव्हतं. आधी रडू आलं आणि मग भांडण झालं.

झालं असं. आमच्या गटात अकरा जणी. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून एक वापरलेला लॅपटॉप घेतला. हप्त्यांचा हिशेब, बैठकीचे ठराव, शेंगदाण्याच्या चटणीची लेबलं, सगळं त्याच्यावर. लॅपटॉप आला आणि आम्ही रजिस्टर लिहायचं सोडून दिलं. ही आमची पहिली चूक, ती आधीच कबूल करतो. कशाला दोनदा लिहायचं, असं आम्हीच म्हणालो होतो.

दिवाळी झाली. आमच्या भागात दिवाळी झाली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गाड्या लागतात, निम्मं गाव कारखान्यांच्या वाटेला लागतं. आमच्या सचिवबाईही मालकांसोबत कोयत्यावर गेल्या. जाताना लॅपटॉप कुणाच्या घरी ठेवायचा हा प्रश्न पडला. कुणाकडं ठेवला तर लेकरं त्यावर पिक्चर बघत बसतील, म्हणून त्यांनी तो ओढणीत गुंडाळला, पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला, असं त्यांना वाटलं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

मागं राहिलेल्या आम्ही पाच-सहा जणी महिन्याची बचत वहीच्या पानावर टिपत राहिलो. पण एप्रिल ते ऑक्टोबरचा सगळा हिशेब पेटीत.

मार्चमध्ये सचिवबाई परत आल्या. बँकेचं कर्ज पुन्हा मंजूर करून घ्यायचं होतं, वर्षभराचा हिशेब छापून द्यायचा होता, महिनाअखेरीच्या आत. समाजमंदिरात सगळ्या जमलो, पेटी उघडली, चार्जर लावला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा नाही, आवाज नाही, पडदा काळाकुट्ट.

मग आमच्यातली एक बोलली, "पोरानं गेम खेळून घालवला आसंल." दुसरी म्हणाली, "पाणी तर न्हाई ना गेलं पेटीत?" तिसरीनं सरळच विचारलं, "वहिनी, शेवटी कुणी हात लावला व्हता?" सगळ्यांना माहीत होतं शेवटी कुणी हात लावला होता ते. सचिवबाई एवढंच म्हणाल्या, "म्या काहीच केलं न्हाई बगा." आणि गप्प बसल्या. चार महिने उसाच्या फडात राबून आलेली बाई. तिच्या हातावरचे पाचटाचे ओरखडे अजून भरले नव्हते, आणि आम्ही तिला चोरासारखं प्रश्न विचारत होतो. त्या दिवसापासून त्यांनी लॅपटॉपला हात लावणं सोडलं. बैठकीत आल्या तरी दाराजवळ बसायच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदारानं दोनदा बटण दाबलं, झाकण उघडलं-मिटलं आणि सांगितलं, "बोर्ड गेलाय. साडेसहा हजार लागतील. डेटाची गॅरंटी नाही." आता हिशेब बघा. अकरा जणी, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. आमची सहा महिन्यांची सगळी बचत त्या दोन वाक्यांत गेली. दुकानदार लबाडच असतो असं आमचं म्हणणं नाही. बोर्ड खरोखरही जातो, विजेच्या झटक्यानं तर हमखास. पण तपासल्याशिवाय गेला असं म्हणणं आणि तपासून म्हणणं यात फरक आहे. हा फरक आम्हाला त्या दिवशी कळला नाही, त्यानंतरच्या रविवारी कळला.

रविवारी आमच्यातल्या एकीची भाची आली. ती बीडला आयटीआयमध्ये शिकते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल? लॅपटॉपला हात लावला नाही. म्हणाली, "मी सांगते, पण हात काकूंनीच लावायचा." काकू म्हणजे आमच्या सचिवबाई. त्या आधी उठायलाच तयार नव्हत्या. "माझ्या हातानं आता नको बाई," म्हणाल्या. पोरगी मात्र हट्टाला पेटली.

तिनं विचारलं, "शेतात मोटार चालू केली आणि पाणी आलं नाही, तर तुम्ही काय म्हणता? विहीर आटली?" आम्ही म्हणालो, छे, आधी लाईट बघू, फ्यूज बघू, मग फूटव्हॉल्व्ह, मग पाईपचे जोड. ती म्हणाली, "हे तसंच आहे. भिंतीपासून सुरुवात करा आणि आत आत या. मध्ये उडी मारायची नाही."

तर भिंतीपासून. समाजमंदिरातल्या त्या बटणात वीज येते का? आम्ही मोबाईलचा चार्जर लावून पाहिला. मोबाईल चार्ज होऊ लागला, म्हणजे भिंत ठीक. तुमच्याकडं एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो बाजूला ठेवा, थेट भिंतीत लावा. अर्ध्या वेळा दोष त्या बोर्डाच्या सैल पिनेतच असतो.

मग चार्जर. लॅपटॉपच्या चार्जरला मध्ये एक काळी ठोकळी असते. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, ती ठोकळी त्याचे १९-२० व्होल्ट करून लॅपटॉपला देते. आता नीट ऐका, कारण आमची पहिली गाठ इथंच सुटली. भिंतीकडून येणारी वायर बहुतेक चार्जरांमध्ये त्या ठोकळीत वेगळी खोचलेली असते, ती निघते. आमच्या ठोकळीवर एक बारीक दिवा आहे, तो लागलेला नव्हता. इतके दिवस तो दिवा कुणी पाहिलाच नव्हता. सगळ्यांचं लक्ष पडद्याकडं. सचिवबाईंनी ती वायर काढली, पदरानं पुसली, दाबून बसवली. दिवा लागला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते आम्ही पाहिलं, पण कुणी बोललो नाही. दुकानात आम्ही हाच चार्जर, हीच सैल वायर घेऊन गेलो होतो.

सगळ्या चार्जरांवर असा दिवा नसतो. नसेल तर तशाच पिनेचा, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चार्जर लावून पाहायचा. ठोकळीवर बारीक अक्षरात आऊटपुट लिहिलेलं असतं, तिथं व्होल्टचा आकडा बघा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतोच असं नाही. व्होल्ट जुळले पाहिजेत, आणि वॉट मूळ चार्जरएवढे किंवा जास्त असावेत. नव्या लॅपटॉपला टाईप-सी पिन असते. तिथं मोबाईलचा चार्जर बसतो खरा, पण त्यात बहुतेक वेळा लॅपटॉपपुरता जोर नसतो.

दिवा लागला, पण लॅपटॉप काही उठला नाही. आम्ही बटण दाबायला धावलो, तर पोरीनं थांबवलं. म्हणाली, "बॅटरी चार महिने उपाशी आहे. आधी खाऊ द्या तिला." झाकण मिटून ठेवलं तेव्हा लॅपटॉप बंद नव्हता झाला, नुसता झोपला होता. झोपलेला लॅपटॉप थोडी थोडी वीज खातच राहतो. पुरता बंद केला तरीही बॅटरी हळूहळू उतरते. लिथियमची बॅटरी अगदी तळाला गेली की तिच्या आतला संरक्षणाचा भाग तिला बंद करून ठेवतो, आणि मग तिला सुरुवातीला अगदी थेंब-थेंब वीज घेता येते. पाणी उतरलेल्या मोटारीला आधी वरून पाणी भरावं लागतं, तसंच हे. अर्धा तास, कधी तासभर चार्जर लावून बटणाला हात न लावता ठेवायचं.

अर्धा तास आम्ही काय केलं? चहा केला. आणि त्या चहाच्या वेळी आमच्यातली जी बोलली होती ना, "शेवटी कुणी हात लावला," तिनंच सचिवबाईंना पहिला कप नेऊन दिला.

अर्ध्या तासानं बटण दाबलं. तरीही नाही. आम्हाला वाटलं संपलं. पण पोरगी म्हणाली, आता खरा उपाय. चार्जर काढा. पेनड्राईव्ह, माऊस, जे काही लावलेलं असेल ते सगळं काढा. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून खिटी सरकवून निघत असेल तर तीही काढा. आमची आतली होती, ती तशीच राहिली. आता चालू करायचं बटण दाबून धरा आणि तीस आकडे मोजा. सोडायचं नाही. सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजले, भोंडल्यासारखे. तीस झाल्यावर बटण सोडलं, चार्जर परत लावला, आणि बटण एकदाच, साधं दाबलं.

आतून पंख्याचा आवाज आला.

याचं कारण असं. चार्जर काढला तरी आतल्या भागांत थोडी वीज साठून राहते. लॅपटॉपमध्ये बटण, बॅटरी, चार्जिंग यांच्यावर देखरेख ठेवणारी एक छोटी चिप असते. ती कधी कधी अडकून बसते, आणि मग आपण बटण दाबलेलं तिला कळतच नाही. बटण दाबून धरल्यानं उरलीसुरली वीज निघून जाते आणि ती चिप पहिल्यापासून सुरू होते. लॅपटॉप बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्याही आपल्या ग्राहकांना हाच उपाय सांगतात. कुणी पंधरा सेकंद सांगतं, कुणी तीस. याला पैसा लागत नाही आणि यानं फाईल जात नाहीत, म्हणून दुकानात जायच्या आधी हे केलंच पाहिजे.

पंखा फिरला, पण पडदा काळा. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. आम्ही पुन्हा बटणाकडं हात नेला, पोरीनं हात धरला. मग पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. आमच्यातली एक म्हणाली, "घ्या! आता व्हायरस." पोरीनं वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं की घड्याळ लावलेलं नाही, पुढं जायला एफ-वन दाबा. सचिवबाईंनी एफ-वन दाबलं. विंडोजची खिडकी आली. आमच्या चटणीच्या लेबलाचा फोटो आला. मैत्रिणींनो, त्या वेळी समाजमंदिरात जो कालवा झाला तो रस्त्यावर ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल.

घड्याळाचं असं की लॅपटॉप सगळा बंद असतानाही वेळ सांभाळायला पुष्कळ लॅपटॉपमध्ये नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि मोठीही संपली, की लॅपटॉप तारीख विसरतो. आमच्या लॅपटॉपवर कितीतरी वर्षं मागची तारीख आली होती. त्यामुळं पुढं आणखी एक गंमत झाली. हिशेब मेलवर पाठवायला गेलो तर एकही पान उघडेना, प्रत्येक ठिकाणी धोक्याची सूचना. इंटरनेटवरची सुरक्षित पानं तारखेवरून आपली खात्री पटवतात, तारीखच चुकली तर ती दार उघडत नाहीत. कोपऱ्यातलं घड्याळ दुरुस्त केलं आणि सगळं उघडलं. ती नाण्याएवढी बॅटरी आम्ही पुढं बदलून घेतली. तिचा खर्च साडेसहा हजाराच्या जवळपासही नव्हता.

आमची गोष्ट इथं सुटली, पण तुमचा लॅपटॉप वेगळ्या कारणानं बंद पडेल. म्हणून पोरीनं सांगितलेलं आणखी थोडं सांगतो. आधी हे ओळखा की लॅपटॉप कुठपर्यंत येऊन थांबतोय. काहीच हालचाल नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे आणि आत्ता सांगितलं ते सगळं करायचं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर लॅपटॉप कदाचित चालू झालेला असतो आणि पडदाच आंधळा असतो. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी लावून पडद्यावर तिरपा उजेड पाडा. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेलाय, बाकी सगळं शाबूत आहे. उजेड कमी-जास्त करायची कळही दाबून बघा, लेकरांनी कमी करून ठेवलेला असतो. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत मोठा टीव्ही असेल तर एचडीएमआय वायरनं लॅपटॉप त्याला जोडा. तिथं चित्र आलं की आपलं काम त्या दिवसापुरतं निभावतं.

दिवे ठरावीक लयीत लुकलुकतात किंवा टूं-टूं असा आवाज येतो, तर तो उगाच नसतो. किती वेळा आणि कोणत्या रंगाचा ते वहीत लिहा आणि दुरुस्तीवाल्याला सांगा. कंपनीनुसार त्याचे अर्थ ठरलेले असतात. ताप आलेल्या लेकराला दवाखान्यात नेताना आपण किती वाजता ताप चढला ते सांगतो, तसं. पुष्कळदा असा इशारा आतली मेमरीची पट्टी सैल झाल्याचा असतो. आपल्या महामार्गाच्या कडेला धूळ काय कमी आहे? ती पट्टी काढून, पुसून, परत बसवायला जाणकाराला दहा मिनिटं लागतात. तिथं नवा बोर्ड कुणी सांगू लागलं तर थांबा.

कंपनीचं नाव दिसतं पण पुढं जात नाही, आणि चालू करायला डिस्क नाही अशी इंग्रजी पाटी येते, तेव्हा आधी बघा, बाजूला पेनड्राईव्ह लावलेला राहिलाय का. लॅपटॉप कधी कधी त्याच्यातूनच सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि अडकतो. ही पाटी पाहून घाबरलेल्या दोन गटांच्या बायका आम्हाला पुढं भेटल्या. एकीचा दोष पेनड्राईव्हच निघाला. दुसरीची मात्र डिस्कच गेलेली होती.

विंडोजचं चाक नुसतं फिरत राहतं किंवा निळी पाटी येते, तो दोष बहुधा आतल्या प्रोग्रॅमचा असतो, यंत्राचा नव्हे. सुरू होताना दोन-तीनदा अडखळलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर निवडायला हरकत नाही. पण रिसेट असं लिहिलं असेल तिथं जाणकार जवळ असल्याशिवाय बोट लावू नका. त्यात सगळं काढून टाकायचाही पर्याय असतो, आणि घाईत तोच दाबला जातो.

आणि निळी पाटी आली म्हणून आपणच अडाणी, असं तर मुळीच समजू नका. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि एका दिवसात ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. विमानं थांबली, दवाखान्यांची कामं अडली. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहून पास दिले. तिथं सगळे शिकलेले साहेबलोक होते. त्यांना शेवटी कागद आणि पेनच कामाला आलं.

एक धोका मात्र वेळ न घालवता ओळखायचा. लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं, बोट फिरवायची पाटी वर उचललेली दिसली, झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको, आणि बॅटरीला उष्णता सोसत नाही. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर बिलकूल नाही. ती पेट घेते. चार्जर काढून, लेकरांपासून लांब, मोकळ्या जागी ठेवायची आणि जाणकाराला बोलवायचं. पाणी किंवा चहा सांडला असेल तरीही तेच. चार्जर काढायचा, बटण दाबून बंद करायचा, आणि पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरायचा. तांदळात पुरायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तांदूळ शिजवून खा, लॅपटॉप दुकानात न्या.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं. यंत्र मेलं म्हणजे त्यातला हिशेब मेला असं नाही. हिशेब डिस्कवर असतो. बोर्ड गेला, पडदा गेला, तरी डिस्क बहुतेक वेळा जिवंत असते. बऱ्याच लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते आणि फाईल काढून घेता येतात. काहींमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते, तिथं अवघड. म्हणून दुकानात पहिलं वाक्य काय बोलायचं, तर "आधी आमच्या फाईल काढून द्या, मग दुरुस्तीचं बोलू." आणि आमच्या परवानगीशिवाय विंडोज नव्यानं टाकायचं नाही, हेही. नवीन लॅपटॉपांमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. दुरुस्तीनंतर ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती किल्ली लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल त्यात साठवलेली असते. ते खातं दुकानातल्या पोराच्या ईमेलवर काढलेलं असेल तर किल्ली त्याच्याकडं, तुमच्याकडं नाही. लॅपटॉप चांगला चालू आहे तोवरच खातं कुणाचं आहे ते बघून घ्या आणि किल्ली कागदावर उतरवून गटाच्या पेटीत ठेवा.

दुरुस्तीला टाकताना पावती घ्या. पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर, सोबत दिलेला चार्जर, आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. जुना भाग बदलला तर तो परत मागा. आपल्या लॅपटॉपमध्ये सगळ्या जणींच्या आधारची, पासबुकाची चित्रं असतात. ती दुसऱ्याच्या हातात जातात, याची आठवण ठेवा. शक्य असेल तर समोर बसून दुरुस्त करून घ्या. बस चुकली तरी चालेल, मांजरसुंब्यावरून दुसरी मिळते.

आणि घाबरून मोबाईलवर कंपनीच्या मदतीचा नंबर शोधायला गेलात तर सांभाळा. तिथं भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. तो गोड बोलून मोबाईलमध्ये एखादं ॲप घ्यायला लावतो, तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो, आणि मग ओटीपीही दिसतो. नंबर घ्यायचा तर लॅपटॉपच्या कागदपत्रांवरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या. फसगत झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आमचा हिशेब त्या रविवारी रात्रीच छापला नाही, प्रिंटर गावात नव्हता. पण पेनड्राईव्हवर घेतला, आणि सोमवारी सेवा केंद्रात जाऊन छापला. बँकेत सचिवबाईच गेल्या. साहेबांनी विचारलं, "उशीर का झाला?" तर म्हणाल्या, "वायर सैल व्हती." आम्ही बाहेर बाकावर बसून ऐकत होतो.

तेव्हापासून आम्ही काय बदललं ते सांगतो. रजिस्टर पुन्हा सुरू केलं. महिन्याची बैठक झाली की आकडे आधी वहीत, मग लॅपटॉपमध्ये, मग पेनड्राईव्हवर. पेनड्राईव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही, दुसरीच्या घरी ठेवायचा. नाहीतर एकाच चोरीत दोन्ही जायचे. आणि "शेवटी कुणी हात लावला" हा प्रश्न बैठकीत विचारायचा नाही, असा ठराव केला. हो, खराखुरा ठराव, सूचक-अनुमोदकासह. त्याऐवजी विचारायचं, "कुठपर्यंत येऊन थांबला?" या ठरावाला सूचक कोण असेल ते ओळखा. जिनं तो प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, तीच.

यंदा दिवाळीनंतर सचिवबाई पुन्हा कोयत्यावर जाणार आहेत. गेल्या बैठकीत त्यांनी लॅपटॉप पुरता बंद कसा करायचा ते आम्हाला एकेकीला करायला लावलं. झाकण मिटून नव्हे, स्टार्टमध्ये जाऊन शटडाऊन. बॅटरी निम्मी भरलेली ठेवायची, पूर्ण नाही आणि रिकामी तर नाहीच. महिन्यातून एकदा पौर्णिमेला पेटीतून काढायचा, तासभर चालवायचा, निम्मा भरायचा, परत बंद. पौर्णिमा एवढ्यासाठी की तारीख कुणी विसरत नाही. पेटीची किल्ली यंदा दोघींकडं राहील. चार्जरच्या ठोकळीवर, त्या बारीक दिव्याच्या शेजारी, त्यांनी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय, म्हणजे पहिली नजर तिथंच जाईल.

तुमच्या गटाचा लॅपटॉप बंद पडला असेल तर कुठपर्यंत येऊन थांबला ते आम्हाला रेडिओवर कळवा. पुढच्या वेळी आम्ही पासवर्डवर बोलणार आहोत, आणि तो देवघरातल्या कॅलेंडरवर का लिहू नये, यावर. नमस्कार.